डोक्यावरची पातेगळ

दुकानात चोरी होऊ नये म्हणून मालकांनी कॅमेरा बसवला. पहिल्याच आठवड्यात चोरी सापडली. ती माझ्या डोक्यावर झाली होती.

अमळनेरला एका कृषी सेवा केंद्रात मी काउंटरला असतो. बियाणं, खतं, औषधं. (पिकावर फवारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात, आणि माणसाच्या औषधाला गोळ्या.) कॅमेरा छताला, बरोबर माझ्या डोक्यावर. संध्याकाळी मालक मॉनिटरकडे बघत म्हणाले, "हा टकल्या गिऱ्हाईक काउंटरच्या आत काय करतोय?" मी वाकून पाहिलं, तर तोही वाकला. शर्टही माझाच घातला होता त्याने.

मला तेव्हा सत्ताविसावं लागलेलं. आरशात सगळं ठीक दिसायचं. कपाळ थोडं मागे सरकलं होतं, पण ते हुशारीच्या खात्यावर जमा होत होतं. माथ्यावर मात्र चांगली वाटीएवढी जागा पडीक झाली होती आणि आरशाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

ही गोष्ट ऑगस्ट २०२४ ची. नेमका पातेगळीचा हंगाम. ज्यांनी कपाशी लावलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पातं म्हणजे कपाशीची कळी. चार दिवस आभाळ दाटून राहिलं, शेतात पाणी साचलं किंवा उलट ताण पडला, की पाती गळून सरीत सडा पडतो. मग शेतकरी गळलेली पाती मुठीत घेऊन येतो, काउंटरवर ओततो आणि पुरावा दाखल केल्यासारखा माझ्याकडे बघतो. मी ठरलेलं बोलतो, "नाना, झाड सगळीच पाती धरून ठेवत नाही. निम्म्याहून जास्त गळतातच. कधीपासून गळतायत? आधी काय मारलं? एकात एक मिसळून मारू नका. थोडं थांबा." हे मी इतक्या थंडपणाने सांगतो की नानांना वाटतं, याच्या बापाचं काय जातंय.

त्या दिवशी नाना माझ्याकडे न बघता मॉनिटरकडे बघत होते. "काय रे भो, तुना डोकालेच पातेगळ लागनी का?"

दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला लागलो. उशीवर अकरा, कंगव्यात तेवीस, मोरीच्या जाळीवर मोजदादीच्या पलीकडे. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे चांगल्या धडधाकट माणसाचंही चालतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी मोजलेच असते. आकडा हातात नसेल तर नुकसानभरपाई कशी मागायची?

घरात पंचनामा झाला. आईने बोअरच्या जड पाण्यावर ठपका ठेवला. वडलांनी हेल्मेटवर. मामांनी मोबाइलवर. मोठी माय म्हणाली, "रातभर जागस, डोकं तपी जास." शेजारचे आबा म्हणाले, रासायनिक खतांचं धान्य. पंचनाम्याला बसलेल्या चार पुरुषांपैकी वडील, मामा आणि आबा या तिघांची डोकी लाकडी पाट फिरवल्यासारखी सपाट होती, पण बांधावर उभं राहून तिसऱ्याच्या शेताकडे बोट दाखवायची आपल्याकडे रीतच आहे. चौथा पुरुष मी.

मग फवारण्या सुरू झाल्या. पहिली एरंडेलाची. दुसरी माक्याची. तिसरी जास्वंदीची, तिच्यासाठी आई पहाटे गल्लीतल्या दोन अंगणांतून चोरीने फुलं आणायची, त्यामुळे त्या महिन्यात दोन घरचे गणपती लाल फुलाविना राहिले. चौथी भुसावळच्या मामींनी पाठवलेल्या तेलाची, त्यात काय होतं हे मामींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाचवी कांद्याच्या रसाची. कांद्याचा रस लावून, दोनदा डोकं धुऊन, मी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. शेजारच्या गृहस्थांनी थोडा वेळ वास घेतला आणि आस्थेने विचारलं, "आज काय भाव निघाला कांद्याला?" मीही भाव सांगून टाकला. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

कशाचाच गुण येईना तेव्हा मामा म्हणाले, तुळतुळीत गोटा कर, दाट येतील. खान्देशात हे लगेच पटतं, कारण आमच्यासमोर केळी उभी आहे. घड कापला, खांब तोडला की बुडाचं पिल जोमाने वर येतं आणि पिलबाग धरता येते. केसाला मात्र बुडात पिल नसतं. वस्तरा कातडीच्या वरचा भाग कापतो, आतल्या मुळाला त्याची खबरबातही नसते. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून खुंट जाड वाटतात, एवढंच. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी खुर्चीत बसलो आणि दहा मिनिटांत गोटा झाला.

आता आपल्याकडे तरणा माणूस गोटा करून आला की लोक एकच अर्थ काढतात. सकाळी दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक दारातच थबकलं, चप्पल काढली आणि काही न घेता परत गेलं. दुसऱ्याने उधारीचे चार हजार न मागता दिले. दुःखाच्या घरी बाकी ठेवू नये म्हणून. नाना आले, युरियाच्या गोणीवर बसले, पाच मिनिटं जमिनीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "कोन गयं रे भो?" मी म्हटलं, कुणी नाही, केस गेले. त्यांना वाटलं पोराला धक्का बसलाय. दुपारपर्यंत गावी बातमी पोचली आणि संध्याकाळी आमच्याकडे दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन दारावर बसायला आल्या. दार वडलांनी उघडलं. त्या किंचाळल्याच. वडील त्यांना अर्धा तास समजावत होते की आपण जिवंत आहोत, आणि म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं की मग पोराने असं करायला नको होतं.

केस परत आले. जेवढे होते तेवढेच, तिथेच. वाटीएवढी जागा वाटीएवढीच राहिली. तशात जानेवारी २०२५ उजाडला.

आमच्या जळगाव जिल्ह्याला लागून बुलढाणा. तिथल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले, बायका-पोरांचेसुद्धा. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच. दिल्लीहून आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं, पाण्यापासून गव्हापर्यंत नमुने गेले आणि संशयाची सुई सेलेनियम नावाच्या खनिजाकडे वळली. झिंक, बोरॉन, फेरस आमच्या दुकानात पोत्याने विकले जातात, पण सेलेनियमचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आईने तेवढ्यावर रेशनचा गहू बंद केला आणि घरात कळण्याची भाकरी सुरू झाली. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साथ असेल तर निदान एकट्याचा दोष राहत नाही. पण ते केस झपकन गेले होते आणि माझे सावकाश, गावचा रस्ता उखडावा तसे, वर्षा-दोन वर्षांत.

घरात दुसरी एक आशा होती ती ताईमुळे. तिला जूनमध्ये टायफॉइड झाला होता, सप्टेंबरात तिचे मूठमूठ केस गळले आणि संक्रांतीपर्यंत कानशिलांवर नवीन केसांची झालर फुटली. "तिचे आले, तुझेही येतील," हे आईचं गणित. फक्त मला टायफॉइड झालेला नव्हता.

शेवटी एप्रिलमध्ये जळगाव गाठलं. पारा चव्वेचाळीसवर, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या बाहेरच्या बाकड्यांवर बसलेली सगळी पोरं टोपी घालून. मला वाटलं होतं, पोक्त माणसं असतील. एक जण तर बारावीचा होता, आईबरोबर आला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

डॉक्टरांनी टोपी काढायला लावली, बारक्या भिंगाने माथा पाहिला आणि विचारलं, "कधीपासून गळतायत?"

"दोन वर्षं. कॅमेरा बसवल्यापासून जास्त."

"आतापर्यंत काय काय लावलं?"

माझी मान खाली गेली. हा माझा प्रश्न होता. मी यादी म्हणायला लागलो: एरंडेल, माका, जास्वंद, मामींचं तेल, कांदा, मध्येच कांद्यात माका. "कुणी सांगितलं?" "शेजारच्यांनी." शेजारच्याने सांगितलं म्हणून मारलं, हे वाक्य हंगामात मी दिवसातून वीस वेळा ऐकतो. ते ऐकताना मी जो चेहरा करतो, तोच चेहरा डॉक्टरांनी केला.

त्यांच्या भिंतीवर एक तक्ता होता. आमच्या दुकानात कपाशीच्या वाढीच्या अवस्थांचा असतो, तसा. फक्त हा उलटा चाललेला. हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने तो आधी मांडला आणि १९७५ मध्ये नॉरवुड यांनी सुधारला. सात पायऱ्या, सातवीला कानामागची झालर उरते. मी तिसरीत होतो. वडील सहावी पास.

मग त्यांनी समजावलं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं आणखी एक संप्रेरक बनतं. ते सगळ्या पुरुषांत असतं, पण काहींची पुढची आणि माथ्यावरची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात. अशी मुळं दर फेऱ्याला आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस देतात, शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या मुळांना त्याचं सोयरसुतक नसतं.

"म्हणजे माझ्या डोक्यावर मागे बीटी कपाशी आणि पुढे देशी," मी म्हणालो.

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे निघाले. हसले. म्हणाले, "वाणाचाच मामला आहे. पाणी, हेल्मेट, मोबाइल, कुणाचा काही संबंध नाही." ताईचं वेगळं होतं: जबर तापानंतर बरीच मुळं एकदमच विश्रांतीला जातात, दोन-तीन महिन्यांनी केस सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. चाईसुद्धा वेगळी. तिच्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच मुळांवर उलटते आणि गोल चकत्या पडतात.

वाण कुणाकडून आला, यावर घरी दोन दिवस भांडण झालं. आई म्हणे तुमचं घराणं, वडील म्हणे तुझा भाऊ. डॉक्टरांनी दोघांनाही सोडलं नव्हतं. यातलं एक मोठं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलाला आईकडूनच येतं. बाकीची बरीच दोन्हीकडून. हे सांगितल्यावर दोघं गप्प झाले आणि माझ्यावरच चिडले.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, आमच्या भाषेत माती परीक्षण. लोह ठीक, थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व कमी. चव्वेचाळीस अंशांच्या खान्देशात राहून उन्हाचं जीवनसत्त्व कमी! मी दिवसभर कॅमेऱ्याखाली असतो, सूर्याखाली नसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

औषध दिलं मिनॉक्सिडिल, पाच टक्क्यांचं. सकाळ-संध्याकाळ एक-एक मिली, कोरड्या माथ्यावर. हे मूळचं रक्तदाबाचं. गोळ्या खाणाऱ्यांच्या अंगावर भलतीकडे केस यायला लागले, तेव्हा कंपनीला नवा धंदा दिसला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. हे मी घरी सांगितलं तर वडील उखडले, "बारा वर्षं बीपीची गोळी खातोय, मला का नाही आले?" त्यांची गोळी वेगळी आहे हे त्यांना अजून पटलेलं नाही. ते मेडिकलवाल्यावर संशय घेतात.

दुसरी फिनास्टेराइडची गोळी. ती डीएचटी बनणंच कमी करते. डॉक्टरांनी तिचं माहितीपत्रक वाचून मग ठरवा म्हणून सांगितलं. शेतकऱ्यांना बाटलीसोबतचं पत्रक वाचा म्हणून मी गेली सहा वर्षं सांगतोय. स्वतः पहिल्यांदा वाचलं. थोड्या लोकांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, असं त्यात होतं. मुलगी बघणं सुरू असलेल्या घरात हे पत्रक कुठे ठेवायचं हाच मोठा प्रश्न झाला. मी तूर्त थांबतो म्हटलं. रोपणाचंही विचारलं. मागची बीटी मुळं एक-एक उचलून पुढे लावायची, कांद्याच्या रोपासारखी. ती नव्या जागीही आपला गुण सोडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "घाई नको. आता पुढची रांग लावली आणि तिच्या मागचं सगळं जात राहिलं, तर कपाळावर बेट तयार होईल."

"किती दिवसांत फरक पडेल?" मी विचारलं.

"चार ते सहा महिने. आधी गळ वाढेल, घाबरायचं नाही."

"आणि बंद केलं तर?"

"जे टिकलं ते काही महिन्यांत जाईल."

म्हणजे ठिबक. व्हॉल्व्ह बंद केला की बाग गेली.

तिसऱ्या आठवड्यात गळ खरंच वाढली. आई जाळीवरचे केस हातात घेऊन उभी. "पैसे देऊन टक्कल विकत आणलं!" मी म्हटलं, आई, थांब, जुने जातात तेव्हा नवे येतात. हे वाक्य मला स्वतःलाही पटत नव्हतं. तिने दर मंगळवारी मंगळग्रह मंदिरात जाणं सुरू केलं. आधी माझ्या लग्नासाठी जायची, आता त्याच नारळात केसांचंही सांगते.

आज सप्टेंबर. पाच महिने झाले. दुपारी नाना आले, मुठीत पाती. काउंटरवर ओतली. तीन फवारण्या झाल्या तरी गळ थांबेना. मी विचारलं, "कुणी सांगितलं होतं?" "शेजारनानी." मी म्हटलं, "नाना, आता काही मारू नका. थांबा."

नाना हलले नाहीत. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "आमले थांबा सांगस. तुना काय रिझल्ट शे?"

मी काउंटरवर वाकलो. नानांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी माथ्यावरचे केस बाजूला केले आणि कपाशीचं पान उलटं करून मावा बघतात तसं निरखून पाहिलं. मॉनिटरवर मला दोन डोकी दिसत होती, त्यातलं एक पागोट्याचं.

"कोंब तं दिखतस भो," नाना म्हणाले. "पन पीक शे का तन शे, ते आते सांगता येवाव नही."