‘कंपाइल करा, स्क्रिप्ट म्हणजे पोरखेळ’ म्हणणाऱ्यांना

एक दावा सारखा फिरतोय: “सिम्युलेशन स्क्रिप्टमधून चालवणं म्हणजे पोरखेळ. प्रोग्राम कंपाइल करा. वेग शंभरपट, आणि उत्तर कुठल्याही मशीनवर तेच.” (स्क्रिप्ट म्हणजे पायथॉनसारख्या भाषेतला, चालताना वाचला जाणारा प्रोग्राम; कंपाइल करणं म्हणजे प्रोग्राम आधीच मशीनच्या भाषेत उतरवणं.) थोडं तथ्य आहे त्यात, म्हणूनच हा दावा पसरतो.

आधी वेग. पायथॉनच्या साध्या फॉर लूपमध्ये टाइम-स्टेप, म्हणजे सिम्युलेशनमधली वेळेची एकेक पायरी, फिरवलीत तर रडायची पाळी येईल, कबूल. पण असं करतं कोण? नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीमधला मॅट्रिक्सचा गुणाकार ब्लास करते, आणि ती कंपाइल केलेलीच लायब्ररी आहे. लॅम्प्स हे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, तरी पायथॉनमधून चालवता येतं. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, एका रनला दहा मिनिटं घेत असेल, तर त्याला हाक मारणारी स्क्रिप्ट सेकंदभर रेंगाळली म्हणून काय बिघडलं? उलट मॉडेल 20 मिलिसेकंदांत उरकत असेल आणि प्रोसेस उघडून इनपुट फाइल वाचण्यातच दर वेळी 1 सेकंद जात असेल, तर 10,000 रनमागे पावणेतीन तास नुसते उंबरठ्यावर गेले. तिथे मॉडेल आणखी जलद करून काय मिळणार?

“उत्तर तेच” हे तर साफ चूक. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या 64 बिटांच्या दशांश आकड्यांत, (0.1 + 0.2) + 0.3 करा: 0.6000000000000001. कंस हलवून 0.1 + (0.2 + 0.3) करा: 0.6. कंपाइल करताना वेगासाठी फास्ट-मॅथचा फ्लॅग (पर्याय) दिलात की कंपाइलरला हे कंस हलवायची मुभा मिळते. एवढ्याशा फरकानं काय होतं? 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी 0.506127 ऐवजी प्रिंटआउटवरचा 0.506 भरून रन पुन्हा सुरू केला, आणि पुढचं हवामान भलतंच निघालं.

हा सापळा स्क्रिप्टमध्येही आहे बरं का. इनपुट फाइल लिहिताना ‘टक्का एफ’ (%f) हा आकडे लिहायचा साचा वापरलात तर दशांशानंतर सहाच अंक उमटतात. 0.0000004 चं झालं 0.000000, आणि मॉडेल शून्य घेऊन बिनतक्रार चालतं. 17 सार्थ अंक लिहा.

“स्क्रिप्टला शिस्त नसते” यावर मात्र मी निम्मा गप्प. एक पॅरामीटर बदलत केलेल्या माझ्या 400 रनच्या स्वीपचा आलेख एकदा सरळ आडवी रेघ आला. पॅरामीटरचा परिणामच नाही, असा निष्कर्ष लिहायलाही घेतला होता मी! बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम) दुसऱ्या रनपासून कोसळत होती; स्क्रिप्ट एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा (शून्य म्हणजे सगळं ठीक), न बघता पहिल्याच रनची आउटपुट फाइल पुन्हा पुन्हा वाचत होती. आता प्रत्येक रनला नवा फोल्डर, आणि कोड शून्य नसला की लूप तिथेच थांबतो.