यादी पाठ करून स्किझोफ्रेनिया कळत नाही

एफवायच्या मानसशास्त्रात मनोविकारांचं प्रकरण अगदी शेवटी येतं, तोवर सिलॅबस संपवायची घाई झालेली असते, मग आम्ही शिकवणारे काय करतो तर फळ्यावर दोन रकाने पाडतो. एकीकडे स्किझोफ्रेनिया: भास, संशय, असंबद्ध बोलणं. दुसरीकडे मूड डिसऑर्डर: उदासी नाहीतर अति उत्साह. मुलं उतरवून घेतात, मार्कही पडतात. पण हे असं शिकवणं मला चुकीचं वाटतं आणि त्याचा त्रास पुढे घराघरात होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाज ऐकू आले म्हणजे स्किझोफ्रेनियाच असं अजिबात नसतं. मॅनिया, म्हणजे तो अति उत्साह, फार चढला की माणसाला आवाज येऊ शकतात, देवाने आपल्याला खास कामासाठी निवडलंय असं ठाम वाटू शकतं. डिप्रेशन खूप खोल गेलं तरी 'माझ्या पापामुळे घर बुडालं' असं माणूस धरून बसतो, कितीही समजवा. मग फरक कशात? तर काळात. भास फक्त मूड बिघडलेला असतानाच येत असतील आणि मूड जाग्यावर आला की जात असतील तर डॉक्टर मूड डिसऑर्डरच्या दिशेने विचार करतात, मूड ठीक असतानाही आठवडेच्या आठवडे राहत असतील तर स्किझोफ्रेनियाच्या. डीएसएम-५ मध्येसुद्धा (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) डिप्रेशनसाठी किमान २ आठवडे, मॅनियासाठी १ आठवडा आणि स्किझोफ्रेनियासाठी एकूण ६ महिने अशी मुदत दिलेली आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये हे दोन आजार वेगळे मांडले तेही असंच, एकेका पेशंटचं कार्ड करून, पुढे त्याचं काय झालं ते बघत. आणि आपण नेमका तो 'पुढे काय झालं' भागच गाळतो!

मागे एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारलं, 'मॅडम, माझ्या मामाला आवाज यायचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाच ना?' (तपशील बदललेत.) मी म्हटलं निदान करणं माझं काम नाही, पण घरी बसून एक कागद कर, कोणत्या वर्षी काय झालं, झोप किती होती, कामावर जात होता का. आई आणि मामीला विचारून तिने केला. त्यात दिसलं काय, तर आवाज ज्या दिवसांत आले त्याच दिवसांत मामा रात्र रात्र जागा, उधारीवर दुकानात माल भरून ठेवलेला, बोलणं थांबेना, मग काही महिने अंथरुणातून उठेना, आणि मधली कितीतरी वर्षं दुकान एकदम व्यवस्थित चालवलेलं. तो कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, आणि ती म्हणाली की डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तोच वाचला.

यात नुसता नावाचा प्रश्न नाहीये. बायपोलरचा, म्हणजे कधी मॅनिया तर कधी डिप्रेशन येणारा, माणूस बऱ्याचदा उदास असताना दवाखान्यात जातो, तेजीच्या दिवसांबद्दल कोणी बोलतच नाही कारण घरच्यांना वाटतं तेव्हा तर बरा होता, उलट उत्साही होता. मग नुसती डिप्रेशनची गोळी सुरू झाली की काही जणांत मॅनिया उसळू शकतो. लिथियमसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध, जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये मॅनियावर ज्याचा उपयोग दाखवला, ते आठवायचं तर डॉक्टरांना ती तेजी माहीत पाहिजे ना.

स्किझोफ्रेनियातही तेच. भास सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून मुलगा मित्रांत जाणं सोडतो, अंघोळ टाळतो, अभ्यासातून मन उडतं. औषधाने आवाज कमी झाले तरी हे मागे राहतं आणि घरचे त्याला आळशी म्हणतात, 'आता तर बरा झालास ना, मग ऊठ की'. परीक्षेत याला निगेटिव्ह लक्षणं म्हणून अर्धी ओळ, घरात मात्र वर्षानुवर्षं हेच. आणि दोन्ही आजार बहुतेक वेळा सुरू होतात ते विशीच्या आसपास, म्हणजे माझ्यासमोर बाकावर बसलेल्यांच्याच वयात, म्हणून मला हे इतकं लागतं.

या वर्षी इंटर्नलला मी लक्षणांची यादी विचारणार नाहीये. एक केस देणार आणि त्याची वर्षावार रेघ आखायला लावणार, वर मूड, खाली भास, मध्ये झोप. कोणी शिकवणारे असतील आणि अशा केसेस तयार करायला मदत करणार असतील तर कमेंटमध्ये सांगा. आणि घरात कोणाला आत्ता त्रास होत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.