कॉलरबोनच्या मुळाशी पू: ‘चिरू देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सिडकोतल्या भिशीच्या ग्रुपपासून निफाडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपपर्यंत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. गळ्याच्या खळगीशेजारी, कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळतं तिथे सूज आली तर घाबरू नका, असं तो सांगतो. ताप नसेल तर पू नसतो. एरंडाच्या पानाने शेका, पंधरा दिवस अँटिबायोटिक घ्या. सर्जनकडे गेलात तर तो चिरेल, पू छातीत उतरेल, हाड काढलं की हात कायमचा लुळा पडेल. शेवटी अर्थातच ‘हा सगळा डॉक्टरांचा धंदा’.

मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशनचे पैसे माझ्या खिशात येत नाहीत, तेव्हा धंद्याचं सोडून देऊ. बाकीचं बघू.

आधी ताप. या सांध्यात पू होणं दुर्मीळच. सांध्यात पू झालेल्या शंभर जणांत जेमतेम एखाद्याचा हा सांधा निघतो. 2004 साली अशा 180 रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ताप होता सुमारे 65 टक्के लोकांना. म्हणजे तिघांतला एक बिनतापाचा. दुखणं बहुतेकांचं छातीत, काहींचं खांद्यात, त्यामुळे पहिले दिवस ‘ईसीजी काढून घ्या’ आणि ‘खांदा आखडलाय’ यातच जातात. मधुमेह असेल, नुकतीच मोठ्या शिरेत सलाईनची नळी घातलेली असेल, तर ताप नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. अर्थात, यातलं काहीच नसलेल्या धडधाकट माणसालाही हे होतं.

शेकाने हाडातला पू जिरत नाही. मधुमेह्याची कातडी तेवढी भाजते.

अँटिबायोटिकच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तोच जास्त घातक. लवकर सापडलं, हाड शाबूत असलं, पू साठला नसला तर काही जण नुसत्या औषधावर बरे होतात. पण ते औषध आधी शिरेतून, एकूण कित्येक आठवडे, आणि सुईने नमुना काढून कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते वाढवून पाहायला, पाठवल्यावर. मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी आधीच संपवली की कल्चर कोरं येण्याची शक्यता वाढते, आणि मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: टीबी. तो हळूहळू वाढतो, फारसा ठणकत नाही, आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. तो निघाला तर चाकूपेक्षा गोळ्यांचं काम मोठं. हाडाच्या टीबीला साधारण वर्षभर औषध चालतं, आणि सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं.

‘चिरलं की पू आत उतरतो’ हे मात्र साफ उलटं आहे. हा सांधा लहान आणि घट्ट. त्याचं आवरण गुडघ्याइतकं फुगत नाही, त्यामुळे पू लवकरच बाहेर फुटतो आणि वाट मिळेल तिकडे जातो. त्या 180 जणांत निम्म्याहून जास्त लोकांच्या हाडाला लागण झाली होती, चौथ्या हिश्श्याला छातीच्या भिंतीत गळू, आणि 13 टक्क्यांचं इन्फेक्शन छातीच्या आत पोचलेलं. पू आत घुसतो तो कोंडला म्हणून. चीर देतात ती त्याला बाहेरची वाट करून द्यायला.

किती कापायचं हे सीटी किंवा एमआरआय बघून ठरतं. थोडक्यात असेल तर पू काढून धुतात. हाड कुजलं असेल तर कॉलरबोनचं आतलं टोक, छातीच्या हाडाचा लागलेला कोपरा, कधी पहिल्या बरगडीचा तुकडाही जातो. उरलेली पोकळी छातीचा मोठा स्नायू फिरवून भरतात, किंवा व्हॅक, म्हणजे जखमेतला स्राव ओढून घेणारं यंत्र, लावून ठेवतात आणि जखम स्वच्छ झाल्यावर बंद करतात.

राहिला लुळा हात. माझ्याकडे आलेले एक बागायतदार याच भीतीने ऑपरेशन टाळत होते. द्राक्षाचं काम मांडवाखालचं, दिवसभर हात डोक्याच्या वर. ऑपरेशननंतर सुरुवातीला त्यांना शर्टाची बाही चढवतानाही मदत लागायची. मग टेबलावर हात सरकवणं, भिंतीवर बोटांनी वर चढणं, नंतर रबरी पट्टा. गोडी छाटणीला ते कात्री घेऊन मांडवाखाली होते. भरलेला क्रेट त्या बाजूने उचलताना अजून अडखळतात, आणि थंडीत तिथे ओढ बसते. हात अगदी पहिल्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. लुळा तर नाहीच नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मान्य: इथली प्रत्येक गाठ पुवाची नसते. साठीच्या पुढच्या बायकांत नुसत्या झिजेनेही हा सांधा वर येतो, आणि त्याला सहसा कोणी चाकू लावत नाही. पण झीज की पू हे पानाने शेकून कळत नाही. त्याला सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), स्कॅन आणि शंका असेल तर सुईचा नमुना लागतो.