'आय-सेव्हनच घ्या' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ला तोच. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला लॅपटॉप आय-सेव्हनचाच घ्या. ग्राफिक्स कार्ड हवंच. लॅपटॉप नंतर वाढवता येत नाही, म्हणून चार वर्षांचा विचार करून एकदाच सत्तर-ऐंशी हजार घाला. उघडला की वॉरंटी गेली. अगदीच स्वस्तातला नको. जुना चुकूनही घेऊ नका. आणि ऑफर संपायच्या आत घ्या. खाली 'आयटीतल्या अनुभवी मित्राकडून' असं लिहिलेलं असतं, म्हणजे विषयच संपला.

पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्या घरात चाळीस हजारांची जुळवाजुळव करताना नाकी नऊ येतात, तिथे हा मेसेज वाचून वरच्या तीस हजारांसाठी हप्ते बसतात. तेव्हा एकेक मुद्दा बघू.

आधी आय-सेव्हन, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव. नुसतं 'आय-सेव्हन' म्हणणं म्हणजे नुसतं 'पेठेत राहतो' म्हणण्यासारखं आहे. पत्ता अजून सांगायचाच आहे. २०१६ साली आलेल्या आय७-७५००यूला दोन कोअर आहेत, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग दोन. २०२२ च्या आय३-१२१५यूला सहा. शिवाय तो आय-सेव्हन विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही नाही. इंटेलसाठी ती यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तरीही असला लॅपटॉप 'आय-सेव्हन आहे, साहेब' एवढ्या एका वाक्यावर खपतो. नव्या मशिनांवर तर इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून नावातला 'आय' काढायला सुरुवात केली. आता 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं दिसतात. दुकानात जाऊन आय-सेव्हनचाच हट्ट धरला, तर जुना माल गळ्यात पडण्याची शक्यता उलट वाढते.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीकडे याहून बारीक गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले तर नावात फरक फक्त दहाचा. पण या ७००० च्या मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. पहिल्याला चार कोअर, दुसऱ्याला सहा. आणि खिशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे ७५२०यूबरोबर येणारी रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच असते. आठ जीबी घेतली की डिग्री हातात पडेपर्यंत आठच. ७५३०यूच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र डीडीआर४ चा स्लॉट मिळतो. दोन्ही डब्यांवर 'रायझन ५' एवढंच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, बाकी सगळं बारीक टायपात.

मेसेजमधला सगळ्यात महाग पडणारा भाग म्हणजे 'लॅपटॉप नंतर वाढवता येत नाही' हा. काही लॅपटॉप खरंच वाढवता येत नाहीत. अॅपलच्या आताच्या मॅकबुकमध्ये रॅमही बदलता येत नाही आणि स्टोरेजही. बरेच पातळ, दिसायला देखणे विंडोज लॅपटॉपही रॅमच्या बाबतीत त्याच वाटेने गेलेत. पण पंधरा इंची साध्या मॉडेलांत रॅमचा निदान एक स्लॉट आणि एसएसडीचा एम डॉट टू स्लॉट अजूनही सर्रास असतो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: जे पुढे कधीच बदलता येणार नाही, त्यात आज पैसे घाला. प्रोसेसरची पिढी, स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी, रिकामा स्लॉट. रॅम आणि एसएसडी बदलता येत असेल, तर ती लागेल तेव्हा बघू. मेसेज स्क्रीनबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि मुलगा चार वर्षं बघणार असतो ती स्क्रीनच. फुल एचडी आणि आयपीएस पॅनल मागा. बाजूने बघितल्यावर रंग उडाल्यासारखे दिसले तर पुढचं मॉडेल बघा.

स्लॉट आहे की नाही हे सेल्समनला विचारण्यात अर्थ नाही, तो हो म्हणतो. मॉडेलचा पूर्ण नंबर घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, आणि कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा. लेनोव्होचं पीएसआरईएफ या बाबतीत उत्तम आहे. किती रॅम सोल्डर केलेली आणि किती स्लॉट, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. टास्क मॅनेजरमधल्या 'स्लॉट्स यूज्ड'वर विसंबू नका, तिथे कधी कधी सोल्डर केलेल्या चिपाही स्लॉट म्हणून मोजल्या जातात.

इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. 'रॅम काय, नंतर टाकू स्वस्तात' हे आम्ही मंडळी वर्षानुवर्षं सांगत आलो, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांची भूक एवढी वाढली की मेमरी बनवणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या, आणि मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा दुकानात गेल्यावर दोन किमती विचारा: आठ आणि सोळा जीबीच्या मॉडेलांमधला फरक, आणि आठची सुटी स्टिक. फरक स्टिकपेक्षा कमी असेल तर सोळाचाच उचला. उलट असेल तर आठवर भागवा. सी, पायथन, जावाची प्रॅक्टिकल्स, पीपीटी, ब्राउझर एवढं आठमध्ये निघतं. अँड्रॉइड स्टुडिओचा एमुलेटर उघडला की धाप लागते, तेव्हा सोळा करा. आणि मोकळ्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक टाकली की रॅम ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही वाटांनी एकदम चालते, त्याचा इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला चांगला फायदा होतो. इंटेलच्या काही आय-फाइव्हमध्ये तर एकच स्टिक असली की ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' दिसतं, दोन झाल्या की तेच 'आयरिस एक्सई' होतं.

एक सावधगिरी मात्र मेसेजने बरोबर दिली आहे: अगदीच स्वस्तातला नको. सेलेरॉन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज असलं मशीन घेऊ नका. विंडोज ११ ला लागणारी किमान रॅम आणि किमान जागा नेमकी तेवढीच आहे, आणि ईएमएमसी बोर्डाला चिकटलेली असते.

'उघडला की वॉरंटी गेली.' डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपापल्या मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच साइटवर ठेवतात. रॅम कशी काढायची, कुठला स्क्रू कुठे, सगळं चित्रांसकट. तुमच्या हातून काही तुटलं तर ते वॉरंटीत बसणार नाही, हे उघड आहे. काही ब्रँड स्क्रूवर सील लावतात. तिथे आधी कस्टमर केअरला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. काम तसं पंधरा मिनिटांचं. मागचे स्क्रू काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवायचे, कारण काही आखूड असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवायचं, क्लिपा टक्‌टक्‌ सुटतात. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. रॅम तिरकी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बसल्याचा आवाज आला की झालं. धीर होत नसेल तर तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास करून देणारे आहेत. फक्त समोर बसून करून घ्या. एसएसडी बदलली म्हणून विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं.

ग्राफिक्स कार्डाचं लवकर उरकतो. आर्किटेक्चरवाल्यांना ल्युमिअनसारख्या रेंडरिंगसाठी ते लागतं, गेम किंवा अॅनिमेशन करणाऱ्यांना लागतं. बाकीच्यांना पहिली दोन वर्षं त्याचा उपयोग रात्री होस्टेलवर होतो, अभ्यासाला नाही. मशीन लर्निंग शिकायला गुगल कोलॅबवर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, इंटरनेटवरून फुकट वापरायला मिळतो, तासांची मर्यादा असते एवढंच. आणि सव्वादोन-अडीच किलोचं धूड, वर विटेएवढा अॅडॉप्टर, हे पाठीवर घेऊन कात्रजहून पीएमपीच्या बसमध्ये उभं राहायचं असतं, तेही चार तासांत मान टाकणारी बॅटरी घेऊन. वर्गात किती प्लग चालू असतात, ते कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा.

आता 'जुना चुकूनही नको'. जुना म्हणजे चोरीचा नाहीतर जळका, असा समज आहे. पण हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात, आणि लीज संपलेला तो माल रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतो. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही त्यातली नेहमीची नावं. बहुतेकांत आठव्या पिढीचे चार कोअर, त्यामुळे विंडोज ११ चालतं. रॅमचे दोन दोन स्लॉट. कीबोर्ड आजच्या चाळीस हजारांच्या नव्या मशीनला लाजवेल असा. मॉडेल मात्र अक्षरासकट बघा: टी४८०एसमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच.

पैसे देण्याआधी दुकानातच चार गोष्टी करा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढा आणि 'डिझाइन कपॅसिटी'शेजारी 'फुल चार्ज कपॅसिटी' बघा. निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये एसएसडीची तब्येत दिसते. आणि विंडोज रीसेट करून, वायफाय जोडून पहिल्या स्क्रीनपर्यंत न्या. तिथे एखाद्या कंपनीचं नाव घेऊन स्वागत झालं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेलं नाही. दुकानदार 'ते काढून देतो' म्हणेल. घेऊ नका. बिल पक्कं हवं, त्यावर सीरियल नंबर हवा.

ऑफिस आणि अँटिव्हायरस विकत घ्या, अशीही एक ओळ काही मेसेजांत असते. डिफेंडर विंडोजमध्येच आहे, लिब्रेऑफिस फुकट आहे. पुढे जाऊ.

राहिली ऑफरची घाई. कॅप राउंड संपून शाखा पक्की होईपर्यंत मुलाला कॉम्प्युटर मिळणार की मेकॅनिकल, हेच माहीत नसतं. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स लागलं तर ते मॅकवर थेट चालत नाही, आणि मॅक जूनमध्येच घेऊन ठेवलेला असतो. कॉलेज सुरू झाल्यावर त्याच शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की लॅबमध्ये काय काय उघडावं लागतं. तोपर्यंत लॅबमधली मशिनं असतातच. ऑटोडेस्कचं ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, पण त्यासाठी प्रवेश झाल्याचा पुरावा लागतो. कॉलेजचा ईमेल आयडीही प्रवेशानंतरच हातात येतो, आणि लॅपटॉप कंपन्यांची स्टुडंट सवलत बहुतेक वेळा त्याच आयडीवर उघडते.