सीडी४ पाचशेच्या वर गेला, म्हणून गोळ्या बंद?

नागपुरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘सीडी४ ५०० च्या वर गेला की एचआयव्ही बरा झाला समजा. गोळ्या बंद करा, किडनी वाचवा. २०० च्या वर असेल तर टीबी-न्यूमोनिया होतच नाही, सेप्ट्रान (संसर्ग टाळण्याची गोळी) फेकून द्या. आकडा शंभराने घसरला म्हणजे गोळ्या फेल. २१ दिवस पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल घ्या, सीडी४ दुप्पट.’ यातला पहिला सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

‘५०० च्या वर गेला की गोळ्या बंद’

सीडी४ या पांढऱ्या पेशी आहेत आणि विषाणू नेमका यांच्यातच शिरतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीच्या गोळ्यांनी (एआरटी) विषाणूची वाढ थांबते, म्हणून पेशी पुन्हा भरून येतात. विषाणू मात्र शरीरातून जात नाही, काही पेशींत तो दबून बसलेला असतो. गोळी थांबली की बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दोन ते चार आठवड्यांत पुन्हा वर येतो. सीडी४ त्यानंतर सावकाश उतरतो, आणि ‘बंद करूनही काही झालं नाही’ हा समज त्याच मधल्या काळात पक्का होतो.

हा प्रयोग करून झालेला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,४७२ जण होते. एका गटाने गोळ्या अखंड घेतल्या. दुसऱ्या गटाने सीडी४ ३५० च्या वर गेल्यावर थांबवल्या आणि २५० च्या खाली आल्यावर पुन्हा सुरू केल्या. थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर गाठणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. निकाल २००६ साली छापून आले. किडनी, लिव्हर आणि हृदयाचे गंभीर त्रासही गोळ्या थांबवणाऱ्यांनाच जास्त झाले. ‘किडनी वाचवा’चं गणित असं उलटं आहे. एआरटीतल्या टेनोफोविर या औषधामुळे काहींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं हे खरं, पण त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात आणि लागलं तर औषध बदलतात. सगळंच बंद करत नाहीत.

आणखी एक गोष्ट, मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसलेली. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही एआरटीतली औषधं हिपॅटायटिस बी सुद्धा दाबून ठेवतात. ज्यांना दोन्ही आजार आहेत त्यांनी गोळ्या अचानक सोडल्या तर लिव्हरला एकदम सूज येऊ शकते.

‘शंभराने घसरला म्हणजे गोळ्या फेल’

सीडी४चा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून समजून घेता येतो: एकूण पांढऱ्या पेशी, त्यातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती टक्के आणि त्यातले सीडी४ किती टक्के. समजा, पांढऱ्या पेशी ६,५०० आहेत, लिम्फोसाइट ३२ टक्के आणि सीडी४ २५ टक्के. हिशेब ५२० येतो. पुढच्या वेळी नुकताच व्हायरल ताप येऊन गेल्यामुळे पांढऱ्या पेशी ४,८०० वर आल्या आणि टक्के तेच राहिले. आता उत्तर ३८४. एकशे छत्तीसने घसरण, आणि प्रतिकारशक्ती जवळपास होती तिथेच. रिपोर्टवर टक्केवारी असेल तर तीही बघा, ती कमी हलते.

आकडा सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतो. गरोदरपणात आणि स्टिरॉइड चालू असताना उतरतो. नमुना कसा सांभाळला यानेही फरक पडतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं हे रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं आणि तापूही द्यायचं नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना नळी तासभर गाडीच्या डिक्कीत राहिली, तर त्या रिपोर्टवर फार विसंबू नये.

गोळ्या काम करतात की नाही हे व्हायरल लोड सांगतो. सरकारी एआरटी केंद्रात ही तपासणी मोफत होते: उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा.

गोळी घेऊनही लोड वाढला तर आधी जेवणानंतरच्या सवयी तपासाव्यात. सावजी जेवण झालं, छातीत जळजळ सुरू झाली, लगेच ॲसिडिटीचं जेल घेतलं आणि त्यावरच एआरटीची गोळी. जेलमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम एआरटीच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला धरून बसतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. गोळी जेलच्या दोन तास आधी तरी घ्यावी, नाहीतर सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागतं, मात्र जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात.

‘२०० च्या वर टीबी-न्यूमोनिया होत नाही’

यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते फसवं आहे. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया बहुतेक वेळा २०० च्या खाली होतो. मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) बहुतांशी १०० च्या खाली, सीएमव्ही या विषाणूमुळे नजर जाणं ५० च्या खाली. साधा जिवाणूंचा न्यूमोनिया, नागीण आणि टीबी मात्र असा आकडा पाहून येत नाहीत. सीडी४ ६०० असतानाही टीबी होतो. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम सुटतो का, वजन उतरलं का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की तपासणी. टीबी निघाला आणि त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू झालं, तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांच्या अंतराने लागते, कारण रिफाम्पिसिन त्याची पातळी खाली खेचतं. टीबीचं औषध दुसऱ्या दवाखान्यातून घेत असाल तर एआरटी केंद्रात ते सांगावंच लागतं.

‘सेप्ट्रान फेकून द्या’

आपल्याकडे सीडी४ ३५० च्या खाली असेल तर ही गोळी देतात: रोज ९६० मिलिग्रॅम, म्हणजे डबल स्ट्रेंथची एक. बंद कधी करायची, तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा आकडा ३५० च्या वर आल्यावर, आणि तेही डॉक्टरांनी. एका चांगल्या रिपोर्टवर नाही. अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पपईची पानं आणि गुळवेल

पपईची पानं लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी खातात. प्लेटलेट वेगळ्या, सीडी४ वेगळे. गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. रोज एआरटी घेणाऱ्याने त्यात ही भर कशाला घालावी?

मेसेज वाचून कोणी गोळ्या थांबवल्याच असतील तर ग्रीन बुक (एआरटी केंद्राने दिलेलं उपचारांच्या नोंदींचं पुस्तक) घेऊन आपल्या एआरटी केंद्रात जावं, मग ते मेडिकल कॉलेजचं असो की दुसरं. किती दिवस बंद होत्या ते खरं सांगावं, कारण टीबीची तपासणी आणि सीडी४ पुन्हा करायचं की नाही हे त्यावर ठरतं. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला किंवा मानेला गाठ आली, तर गोळी स्वतःहून सोडू नये, लगेच दाखवावं. जागी झालेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या टीबीशी भिडली की असं होतं. सीडी४ २०० च्या खाली असताना डोकेदुखी थांबत नसेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावं. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर १०९७ हा एचआयव्हीविषयीच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.