फिट म्हणजे काय?

शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या माझ्या भारतातल्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर परवा एकानं टाकलं, 'नव्या लेबर कोडात फुकट वार्षिक तपासणी आलीय, आता शिशाचं रडगाणं पुरे.' खाली अंगठेच अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अरे पण तपासणी कसली? बीपी, शुगर, वजन, छातीचा एक्सरे, त्यात शिसं दिसणारे का? ते रक्तात बघावं लागतं, आणि शिशाचा संपर्क थांबला की रक्तातलंसुद्धा महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडात मुरतं ते मात्र वर्षानुवर्षं हलत नाही, म्हणजे माणूस दोन महिने रजेवर जाऊन आला आणि आल्या आल्या टेस्ट केली की रिपोर्ट मस्त! वर्षातून एकदा बघून काय कळणार.

इकडे अमेरिकेत मी बॅटरी प्लांटलाच आहे. दर सहा महिन्यांनी रक्त, शिसं ४० च्या वर गेलं (शंभर ग्रॅम रक्तात मायक्रोग्रॅम) की दर दोन महिन्यांनी, ६० आलं की त्या कामावरून बाजूला, पण पगार चालू, १८ महिन्यांपर्यंत. नियम १९७८ चा आहे. (६० हा आकडा आज फारच सैल वाटतो, कॅलिफोर्नियानं २०२५ पासून नियम बरेच कडक केलेत, पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, उगाच त्यांच्या हातात कोलीत कशाला.) खरी मेख पगारात आहे. पगार कापला जाणार असेल तर रक्त द्यायला कोण हात पुढे करेल?

माझा स्वतःचा एकदा ४१ आला. नर्सनं शांतपणे पुढची तारीख दिली, आणि मी शॉवरखाली नखं घासत बसलो, लाज वाटल्यासारखा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा चढ्या आवाजातच. तर ज्यानं पहिला मेसेज टाकला होता त्यानंच विचारलं, 'पेस्टिंगवरचा, प्लेटांना शिशाचा लगदा लावणारा, तो मुलगा आठवतो? पोटात कळा यायच्या, संडास साफ व्हायची नाही, मनगट उचलेना. त्याला गॅसची गोळी कुणी दिली, रजिस्टरवर फिट लिहून सही कुणी केली?'

मीच केली होती. तेव्हा सगळेच करायचे, असं टाइप केलं आणि पुसलं. तिकडचा म्हणून बोलायला जातो तर हे असं, आणि इकडे मला कुणी काही विचारतच नाही, नुसतं रक्त घेतात.