शिपायाला दहावी, मंत्र्याला काहीच नाही?

निवडणुका जवळ आल्या की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. "शिपाई व्हायला दहावी लागते, वकिलीला सनद लागते, कंपनीत मोठा साहेब व्हायला एमबीए लागतं. देश चालवायला मात्र अंगठाछाप चालतो! चीनमध्ये बघा, सगळे नेते इंजिनियर. आपल्याकडेही पदवीची अट घाला." खाली हात जोडलेले इमोजी आणि दहा जणांना पाठवायची विनंती. पाठवण्याआधी यातला एकेक दावा बघू.

"अंगठाछाप चालतो." कायद्याने चालतो, हे खरं. लोकसभेसाठी घटना नागरिकत्व आणि २५ वर्षं वय मागते, शिक्षण मागत नाही. हे राजेंद्रप्रसादांनाही खटकलं होतं. कायदा राबवणाऱ्यांकडून उच्च पात्रता मागायची आणि तो करणाऱ्यांकडून काहीच नाही, ही विसंगती त्यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलून दाखवली. म्हणजे मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की बुद्धीपेक्षाही चारित्र्य महत्त्वाचं, आणि ते मोजायची फूटपट्टी नाही. फॉरवर्डमध्ये हा अर्धा भाग कधीच येत नाही.

आता प्रत्यक्षात काय आहे? २०२४ च्या लोकसभेत तीन चतुर्थांशाहून जास्त खासदार पदवीधर आहेत. त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून एडीआर या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने काढलेला आकडा असा: ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं जाहीर केलंय. खटला म्हणजे शिक्षा नव्हे, मान्य. पण पदवीची चाळणी लावली की संसद स्वच्छ होईल, ही आशा इथेच ढेपाळते.

"पदवीची अट घाला." हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीपुरती शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण गटातल्या पुरुषांना दहावी; स्त्रिया आणि दलितांना त्याहून कमी. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती वैधही ठरवली. बाहेर कोण पडलं? ज्यांना सरकारनेच कधी धड शाळा दिली नाही, अशा गावाकडच्या वयस्क बाया आणि दलित. राजस्थाननेही अशीच अट आणली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली.

ही अट विधानसभेला असती तर मद्रासचे कामराज घरीच बसले असते. शाळा लहानपणीच सुटलेल्या या मुख्यमंत्र्याने गावोगाव शाळा काढल्या आणि पोरांना तिथे दुपारचं जेवण दिलं. आपले मुख्यमंत्री वसंतदादा पाटीलही बाद झाले असते. १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली ती त्यांनीच. हा फॉरवर्ड पाठवणारे किती इंजिनियर त्या कॉलेजांतून बाहेर पडले असतील, देव जाणे. (त्या धोरणाचे तोटेही आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

"चीनमध्ये सगळे इंजिनियर." हा माल शिळा आहे. हू जिंताओंच्या काळात, २००२ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च स्थायी समितीतले, म्हणजे देश चालवणाऱ्या गटातले, नऊच्या नऊ जण तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. २०२२ च्या समितीत शी जिनपिंग केमिकल इंजिनियर आहेत खरे, पण झाओ लजी तत्त्वज्ञान शिकलेत, ली शी चिनी साहित्य, आणि वांग हुनिंग राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शिवाय एक मूल धोरणाला लोकसंख्येची गणितं पुरवण्यात सोंग जियान हे क्षेपणास्त्र तज्ज्ञ पुढे होते. ते धोरण आवरतं घ्यायला चीनला ३५ वर्षं लागली.

"साहेब व्हायला एमबीए लागतं." गूगलचे पिचाई आणि मायक्रोसॉफ्टचे नडेला यांच्याकडे आहे. धीरूभाई मॅट्रिक होते, आणि माटुंग्यातून केमिकल इंजिनियर झालेले मुकेश अंबानी स्टॅनफर्डचं एमबीए अर्धवट टाकून परतले. युरोपियन मध्यवर्ती बँकेच्या प्रमुख क्रिस्तिन लगार्द तर वकील आहेत.

"वकिलीला सनद लागते." लागतेच. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला तिथली घटना कायद्याची पदवी मागत नाही. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेच्या बाजूचे मुख्य सरकारी वकील असलेले, त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन ती पदवी न घेताच वकील झाले होते.

माझं म्हणणं एवढंच की फॉरवर्ड चुकीचा कागद मागतो. काय शिकला यापेक्षा आधी कुणाकडे, काय काम केलं हे विचारायला हवं. हेन्री पॉलसन घ्या. हार्वर्डचे एमबीए, म्हणजे पदवीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. २००६ मध्ये ते गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेच्या प्रमुखपदावरून उठून अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. दोन वर्षांनी बँका कोसळू लागल्या आणि त्यांच्या खात्याने सरकारी तिजोरीतून भांडवल ओतलं, त्यातले १० अब्ज डॉलर गोल्डमनला गेले. पैसे पुढे परत आले, आणि त्या घडीला दुसरा इलाज नव्हता असंही अनेकजण म्हणतात. तरी निर्णय घेणारा माणूस कालपर्यंत कुठे बसत होता, हे लोकांना माहीत असायलाच हवं होतं, आणि ते पदवीच्या कागदावर दिसत नाही.

आपल्याकडे हे बघायची सोय आहे. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात शिक्षणाबरोबर स्वतःचा आणि जोडीदाराचा व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटंही लिहावी लागतात. व्यवसायापुढे 'शेती व समाजसेवा' दिसलं, की नजर थेट कंत्राटांच्या रकान्यावर न्या.